सोबत्याचं पाणी

कोहका, भिलाई
रविवार, १० मार्च १९९१

रमा,

आशीर्वाद लिहू का नको, या विचारात पेन दोनदा वाळला. मंग न लिहिताच सुरू करून राहिलो. पत्ता तुह्या आईनं दिला. म्हणजे तो सहा वर्षं तिच्या डब्यात होता अन् मले आज समजलं. वसुंधरा बाई मोठी पक्की आहे.

कारण असं की नागपूरच्या पेपरात तुह्या पुण्याच्या प्रयोगशाळेची बातमी आली. काविळीचा नवा विषाणू म्हणे, पाण्यातून पसरते, त्याले 'ई' नाव पडलं. फोटोत मागच्या रांगेत तू आहे. केस कापले वाटते. मी बातमी तीनदा वाचली. एवढ्या मशिनी, एवढे शिकलेले लोक, अन् शेवटच्या ओळीत काय, तं 'विशिष्ट औषध नाही, विश्रांती घ्यावी.' बाप्पा रे! एवढं तं माही माय न शिकता सांगत होती.

इथं यंदा कावीळ लय आहे. दर रविवारी आपल्या अंगणात रोगी-सोबती मिळून सात-आठ जण बसलेले राहतात. कोणी सुपेल्याचे, कोणी दुर्गच्या रेल्वे क्वार्टरमधले, कोणी पार नंदिनी नगरहून खदानीच्या बसनं येते. मी पुनर्नव्याच्या काड्या तोडतो, मायनं शिकवलं तशा सुतात गुंफतो अन् डोक्यावर माळ ठेवतो. माळ रोज लांबते. डोक्यावरून गळ्यात, गळ्यातून छातीवर, अन् कमरेले आली की कावीळ उतरली. पैसा घेत नाही, चहाही घेत नाही. तू विसरली असशील म्हणून लिहिलं.

मी मात्र काही विसरलो नाही. वीस माणसांसमोर तू वेलीवरची लवकी, तुमच्या पुण्यात तिले दुधी म्हणतात, खुंटीले टांगली अन् माहीच माळ तिच्या देठावर घातली. पुढच्या रविवारी माळ लांबली. "बाबा, लवकीची कावीळ उतरली!" तू म्हणाली. लोक पोट धरून हसले. काड्या वाळतात, गाठी सैल होतात, असं तू समजावून सांगत होती अन् मी म्हणालो, या घरात पाय ठेवू नको. तू एवढी आज्ञाधारक निघशील असं वाटलं नव्हतं.

बाकी ठीक. तुह्या भावाची, शामसुंदरची बायको कमला, जिले तू पाह्यलं नाही, तिले सहावा महिना आहे. मले घाबरत नाही म्हणून मले आवडते. नळाले धार नाही, लोक सायकलीवर डबे बांधून फिरून राहिले. आपल्या घरी टाकी भरते. सकाळी मी रेडिओ जोरात लावतो, भजनं ऐकतो. तुही आई कुरकुरते.

उत्तर पाहिजेच असं नाही.

तुहा बाप,
शेषराव

कोहका
रविवार, २४ मार्च १९९१

रमा,

उत्तर आलं. चार पानं! त्यातलं अर्धं पान यकृताचं अन् साडेतीन पानं प्रश्न. तू पोलिसात कावून नाही गेली?

यकृताचं समजलं. रक्तातला कचरा ते निवडते, पित्त करते, पित्ताची वाट सुजून बंद झाली की ते रक्तात पसरते अन् डोळे पिवळे होतात. पाइपचं गणित मले नको शिकवू, तीस वर्षं कारखान्याच्या पंप हाऊसमध्ये फिटर आहे. नवं फक्त हे समजलं की दहातले नऊ लोक आपोआप बरे होतात, माळ घाला का नको घालू. हे वाचून मी पत्र बाजूले ठेवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा उचललं.

तू विचारलं, बरे किती झाले, कोणी मोजलं का. तं घे. सोबत रजिस्टर पोस्टानं वही पाठवून राहिलो. जानेवारीपासून त्रेचाळीस माळा दिल्या. रोग्याचं नाव, गाव, सोबत कोण आलं, माळ कोणत्या तारखेले घातली, सगळं माह्या हातचं. शेवटच्या रकान्यात 'बरा' का 'बरी'. पाह्य, एक तरी रकाना वेगळा दिसते का! तुह्या साहेबाले दाखव.

सोबत्याचा रकाना कावून, असं तू नक्की विचारशील. रोग्यानं माळ घालेपर्यंत पाणी प्यायचं नाही, पण सोबत्यानं माळ देणाऱ्याच्या घरचं पाणी दोन ओंजळी प्यायचं, म्हणजे रोग्याची कावीळ सोबत्याले लागत नाही. ही माह्या मायची रीत. आता कमला पाणी देते. लोक म्हणतात, पोटुशीच्या हातचं पाणी, याच्यावर काय पाहिजे.

अन् रोगी पुढच्या रविवारी आला नाही तं तो बरा समजायचा. बरा माणूस कशाले येते? कालपर्यंत दोन-तीन रकाने रिकामे होते, नंदिनी नगरच्या वच्छलाचा वगैरे. ते आज भरले, वही पुरी असावी म्हणून.

तू विचारलं, घरात कोणी गरोदर आहे का, असेल तं ताबडतोब कळवा. मागच्या पत्रात लिहिलं होतं ना! नीट वाचत जा.

शेषराव

कोहका
रविवार, १४ एप्रिल १९९१

रमा,

तुहं पत्र मी तुह्या आईले वाचून नाही दाखवलं. तिनं विचारलं, काय लिहिते पोरगी? मी म्हणालो, पुण्यात आंबे महाग आहेत.

त्रेचाळीस माळा पाहून तुले त्यातल्या अकराच दिसल्या? पहिले जे सोबती म्हणून आले, तेच पाच-सहा हप्त्यांनी रोगी होऊन आले, असं तू लाल पेन्सिलीनं लिहिलं. दयाराम ३ फेब्रुवारीले रोगी, सोबत बायको वच्छला. १७ मार्चले वच्छला रोगी. हा विषाणू पोटात गेल्यावर माणूस पिवळा व्हायले साधारण चाळीस दिवस लागतात, असं तू म्हणते. एक सुपेल्याचा, एक दुर्गचा, एक नंदिनीचा, यांचा नळ एक नाही, विहीर एक नाही, बाजार एक नाही. एकच गोष्ट सारखी आहे, असं लिहून तू पुढे जागा कोरी सोडली.

बापासाठी कोरी जागा सोडते! लिहायचं होतं ना, की तुमच्या घरचं पाणी.

आता ऐक. कावीळ झालेल्याच्या घरी दुसऱ्याले कावीळ होते, हे शेंबडं पोरही सांगेल. एका ताटात जेवतात, एका गुंडातलं पाणी पितात. त्याले माहा नळ काय करणार? अन् आमी चौघं तेच पाणी पितो, आमाले काय झालं? तू म्हणते, कित्येकायले होऊन जाते अन् समजतही नाही, अन् घरी कमलाही आहे. मोठी सोय आहे हं तुमच्या शास्त्राची. झालं तरी झालं, नाही झालं तरी झालं.

नळाले मोटर लावली आहे का, पाइप कुठून जाते, हे तू दोनदा विचारलं. मोटर नाही. पाइप सरळ आहे. समजलं?

वच्छलाची तब्येत विचारली. पोटात सात महिन्यांचं पोर, हे मीच वहीत तिच्या नावापुढे लिहिलं होतं; अशा बाईले ही कावीळ झाली तं पाचातली एक वाचत नाही, असं तू लिहिलं. हे लिहिताना तुले काहीच वाटलं नाही? वच्छला बरी आहे. वहीत लिहिलं आहे.

पाणी वीस मिनिटं उकळा, म्हणते. गॅस काय तुह्या प्रयोगशाळेतून येणार आहे?

दोन दिवसांपासून कमलाले उलट्या होऊन राहिल्या. तुही आई म्हणते, उन्हाचं आहे. मलेही तसंच वाटते.

शेषराव

कोहका
शुक्रवार, १९ एप्रिल १९९१

रमा, बाई,

तार मिळाली असेल. 'कमला पिवळी. ये.' तारेत एवढंच मावलं. बाकीचं इथं लिहितो. पहिले सुपेल्याच्या बूथवरून फोन लावला होता. तू "हॅलो, कोण?" म्हणाली, अन् मी ठेवून दिला. सहा वर्षांत पहिल्यांदा तुहा आवाज ऐकला.

काल सकाळी ती चहा घेऊन आली. खिडकीतून उजेड तिच्या डोळ्यांवर पडला. हजार डोळे पाह्यले मी असे, रमा. कप माह्या हातातून पडला. ती हसली, म्हणाली, "बाबा, कप गेला तं गेला, तुमाले भाजलं का?" तिले अजून आरसा कोणी दाखवला नव्हता.

वसुंधरा काड्या तोडून घेऊन आली. म्हणाली, बांधा. मी सूत हातात घेतलं, पहिली गाठ मारली अन् दुसरी येईना. मले एकदम ती लवकी दिसली. शामसुंदर तावातावानं म्हणाला, "बाबा, माला-वाला बाद में, पहले हॉस्पिटल चलो!" मी म्हणालो, चल. सेक्टर नऊच्या हॉस्पिटलात भरती केलं आहे. तुही दोन्ही पत्रं मी डॉक्टरणीच्या टेबलावर ठेवली. ती वाचून म्हणाली, ही मुलगी कोण? मी म्हणालो, माही.

आता तुहे दोन प्रश्न.

मोटर आहे. संक्रांतीनंतर लावली, नळाले थेंब नव्हता म्हणून. आपल्या मोहल्ल्यात कोणी मोटर लावायची नाही, असं सगळ्यांचं ठरलेलं, अन् त्या बैठकीत पुढे बसलेला मीच. म्हणून ती पोत्याखाली लपवली. सकाळी तिचा आवाज जाऊ नये म्हणून रेडिओवर भजनं. शेजारी म्हणतात, शेषरावजी म्हातारपणी देवाले लागले.

पाइप सरळ नाही. शेजारच्या फकिराच्या घरामागच्या नालीतून येते. बारा वर्षांपूर्वी रस्ता खोदायचा आळस केला अन् मीच नालीतून टाकला. त्याले गंजून भोक पडलं. लाइनीत दाब होता तोवर भोकातून पाणी बाहेर गळायचं, बिघडत काही नव्हतं. मोटरीनं ओढलं की तेच भोक नाली पिते. अन् फकिराचा पोरगा जानेवारीत गोंदियाच्या लग्नातून कावीळ घेऊन आला होता, त्यांचा संडास त्याच नालीत. त्याच्या डोक्यावर पहिली माळ मीच ठेवली.

मले हे समजत नव्हतं असं समजू नको. पंप हाऊसमध्ये नव्या पोरायले मी पहिल्या दिवशी हेच शिकवतो. तुही कोरी जागा पाह्यली त्याच दिवशी समजलं होतं. तरी मी तुले 'मोटर नाही' लिहिलं अन् कमलाले म्हणालो, लोकायले पाणी दे, बाई.

आज मोटर काढली. पाइप करवतीनं कापला. भोक माह्या करंगळीएवढं आहे.

माह्यावर राग असेल तं तो स्टेशनवर उतरून मंग काढ, पण ये. या घरात पाय ठेव.

बाबा

कोहका
रविवार, १२ मे १९९१

रमा,

तू पुण्याले पोचल्याचं कार्ड आलं. तू सहा दिवस होती, अन् त्यातले पाच कमलाच्या खाटेजवळ. मले तुह्याशी बोलायले आगगाडीच्या फलाटावर दहा मिनिटं भेटली, अन् तीही मी वाया घालवली.

पहिले चांगलं सांगतो. कमला काल घरी आली. डोळे निवळले. तुमी लोक कागदावर जो आकडा पाहत होते, तो म्हणे उतरला. बेशुद्धीतल्या त्या दोन दिवसांचं तिले काही आठवत नाही, अन् कोणी आठवणही देऊन नाही राहिलं. तिची पोरगी, दिवस भरायच्या आधीच झालेली, अजून हॉस्पिटलात आहे, काचेच्या पेटीत. पावणेदोन किलो. नर्स म्हणते, रडते मोठ्यानं. आपल्या घरचीच आहे मंग. कमलानं घरात आल्याबरोबर पाणी मागतलं. उकळून गार केलेलं होतं, मीच उकळलं होतं, तरी गिलास तिच्या हातात द्यायले माहा हात पुढे होईना. शेवटी तिनंच घेतला.

मोहल्ल्याले सांगतलं. फकिरा तोंडात येईल ते बोलला, मी ऐकून घेतलं. मागच्या रविवारी अंगणात नऊ जण आले. मी वेलीवरची लवकी खुंटीले टांगली, तिले माळ घातली, अन् म्हणालो, सेक्टर नऊले जा, पाणी उकळून प्या, अन् पुढच्या रविवारी ही लवकी पाहायले या. आज चार जणच आले. माळ लांबली होती. एक म्हातारा चिडून म्हणाला, "एवढे दिवस आमाले मूर्ख बनवलं का?" मी म्हणालो, होय. दुसरा म्हणाला, सुपेल्यात एक जण अजून देते, तिकडे जातो. गेला तो. तू असती तं त्याच्या मागे धावली असती. मी नाही धावलो.

आता फलाटावरचं. गाडी हलायच्या आधी तू एकच गोष्ट विचारली. "बाबा, वच्छलाबाईले तुमी स्वतः जाऊन पाह्यलं का?" मी म्हणालो, पाह्यलं, चांगली आहे. हे खोटं होतं, रमा. मी गेलोच नव्हतो. तुह्या खिडकीमागे मी दहा पावलं चाललो, खरं सांगायले. मंग फलाट संपला.

परवा गेलो. नंदिनी नगरच्या बसमध्ये बसलो तं वाटेत दोनदा उतरावंसं वाटलं. दयाराम घरी होता, पहिल्या पाळीतून आलेला. "या बाबाजी," म्हणाला, अन् पहिले पाण्याचा गिलास समोर ठेवला. भिंतीवर वच्छलाचा फोटो. हार वाळलेला.

२३ मार्चले गेली ती. पोटातल्या पोरासंगं. दुसऱ्या दिवशी मी वहीत लिहिलं, 'बरी'.

गिलासाले हात न लावता मी त्याले सगळं सांगतलं. पाइप, नाली, मोटर, ३ फेब्रुवारीच्या त्या दोन ओंजळी. तुहं शास्त्रही जमेल तेवढं सांगतलं. वाटलं, हा मले आता मारते. मारलं असतं तं बरं झालं असतं. त्यानं सगळं ऐकलं. मंग विचारलं, "तुमची सून कशी आहे?" मी म्हणालो, वाचली. तो म्हणाला, "वाचली? छान झालं." खरंच मनापासून म्हणाला तो. पाणी तेच, रमा. माह्या घरची हॉस्पिटलात गेली अन् त्याच्या घरची नाही गेली.

मी विचारलं, कावून नाही नेलं रे? खदानीचा दवाखाना तं गल्लीच्या टोकाले आहे.

तो आत गेला अन् माळ घेऊन आला. उतरलेली माळ शिवनाथ नदीत सोडायची रीत, ती राहून गेली होती. रीत पाळणारा माणूस, कुठं टाकून न देता जपून ठेवली होती. माह्या हातात दिली अन् म्हणाला, "तिले झोप लागून राहिली होती, बडबडत होती. माय म्हणे, दवाखान्यात ने. पण माळ उतरत होती ना, बाबाजी. सहाव्या दिवशी कमरेपर्यंत आली होती. मी मायले म्हणालो, आता कशाले नेतं, उद्या बरी होते."

ती माळ आता माह्यासमोर टेबलावर आहे. हे पत्र लिहिताना मी ती मोजली. माह्या हातची गाठ आहे, मी ओळखतो.

तुह्या साहेबाचं काम झालं असेल तं वही परत पाठव. त्या ओळीले तू हात लावू नको, लाल पेन्सिलही लावू नको. 'बरी' मी लिहिलं होतं, ते मीच खोडीन.

बाबा